आईपासून लपवलेलं बाकडं

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाबांनी आईपासून लपवून एक वस्तू घरात आणायची ठरवलं आणि साथीदार म्हणून मला निवडलं. वस्तू नऊ फूट लांब होती. तिचं वजन कुणी कधी केलेलं नव्हतं, पण ती जागची हलवायला चार माणसं लागत आणि हलवून झाल्यावर चौघंही खाली बसून पाणी मागत.

ते एक सुतारी बाकडं होतं. भवानीपुरात आमच्या घरामागच्या गल्लीत फर्निचरचा एक जुना कारखाना होता. क्लबांच्या खुर्च्या, वकिलांची टेबलं, शाळांची बाकं असं काहीबाही तिथे तीन पिढ्या बनत आलं होतं. बाकडं त्या कारखान्याइतकंच जुनं. बर्माच्या सागवानाचं, हाताच्या चार बोटांएवढ्या जाडीचं, आणि एका टोकाला लाकूड पकडून धरायचा शिकंजा. त्या शिकंज्याचं मळसूत्रसुद्धा लाकडाचंच होतं, मनगटाएवढं जाड. ते फिरवलं की म्हातारा माणूस खुर्चीतून उठताना करतो तसा आवाज यायचा.

बाबांची सगळी नोकरी खिदिरपूरच्या गोदीत, कस्टम्समध्ये गेली. लोकांनी लपवून आणलेलं शोधून काढायचं, हेच काम. निवृत्त झाल्यावर शोधायला काही उरलं नाही, म्हणून त्यांना छंद लागायला लागले. आधी मासे पाळले. मग हार्मोनियम आली. मग घरातल्या घरात चालवायची सायकल आली, तिच्यावर आई अजून पंचे वाळत घालते. हार्मोनियम गेल्यानंतर आईने नियम केला की या घरात पोळपाटापेक्षा मोठं लाकूड येणार नाही. बाबांनी तो मान्य केला, कारण त्या दिवशी पुरणपोळ्या होत्या.

पुढे ते संध्याकाळी कारखान्यात जाऊन बसायला लागले. तिथला मुख्य मिस्त्री त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी लहान, बारीक अंगाचा, कानामागे पेन्सिल खोचलेला बंगाली गृहस्थ. तो बराकपूरकडून रोज लोकलने सियालदाला यायचा आणि तिथून बसने भवानीपूरला. चाळीसहून जास्त वर्षं तो त्या एका बाकड्यापाशी उभा राहून काम करत होता. त्याच्या आधी त्याचे उस्ताद तिथेच उभे असायचे. बाबा मातीच्या भांड्यातला चहा घेऊन शेजारी बसायचे, आणि हळूहळू मिस्त्रीने त्यांच्या हातात रंधा दिला. आम्ही तीन पिढ्या कोलकात्यात असल्यामुळे हत्यारांची मराठी नावं आमच्यापैकी कुणालाच धड येत नव्हती. लाकूड खोदायच्या हत्याराला मिस्त्री ‘बाटाली’ म्हणायचा. बाबांनी पुण्याच्या मावशीला फोन करून विचारलं, तिने शेजारच्या सुताराला विचारलं, आणि मग बाबा मोठ्या अभिमानाने ‘पटाशी’ म्हणायला लागले. वर्षभरात त्यांनी एक स्टूल केलं. त्याला पाय चार होते, पण जमिनीला एका वेळी तीनच टेकायचे.

मग कारखाना बंद व्हायचं ठरलं. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या, त्यांची मुलं परदेशात, जागा विकायची. सामान बघायला लोक यायला लागले. त्यात एक सजावटकार होता. त्याला पार्क स्ट्रीटच्या बाजूला कुणाचा तरी कॅफे सजवायचा होता. त्याने बाकड्याचे मोबाइलवर वीस-पंचवीस फोटो काढले आणि हे आपण काउंटर म्हणून घेणार, वरती काच बसवून केक मांडणार, असं सांगून गेला. मिस्त्री दोन दिवस कुणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बाबांना म्हणाला, “दादा, केक.” एवढंच म्हणाला.

पुढल्या आठवड्यात सजावटकार पुन्हा आला तेव्हा बाकड्याखाली ठिकठिकाणी पिठासारख्या भुशाच्या लहान लहान ढिगल्या पडलेल्या होत्या. मिस्त्रीने खेदाने मान हलवली. कीड लागली आहे, आतून पोखरत चालली आहे, तुमच्या केकपर्यंत पोचायला तिला फार दिवस लागणार नाहीत, असं त्याने सांगितलं. सजावटकाराने ढिगली बोटाने चाचपली, रुमालाला हात पुसला आणि एक शिसवी कपाट पसंत करून निघून गेला. बाबा तिथेच बसलेले होते. त्यांनी संपूर्ण वेळ चहाच्या भांड्यात पाहिलं, असं त्यांनी मला सांगितलं.

मालकीणबाईंना हे कळलं. त्या काठी टेकत खाली आल्या आणि वाकून त्यांनी भुसा चिमटीत घेतला. फर्निचरवाल्यांच्या घरात साठ वर्षं सून म्हणून काढलेली बाई. त्यांनी भुसा नाकाशी नेला आणि म्हणाल्या की कीड मोठी हुशार दिसते, सागवान खाते आणि भुसा आंब्याच्या लाकडाचा टाकते. मिस्त्री पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभा राहिला. बाईंनी भुसा झटकला. असलं किडकं बाकडं विकून मला नाव खराब करायचं नाही, म्हणाल्या, तूच ते घेऊन जा.

आता बाकडं मिस्त्रीचं झालं, पण मिस्त्रीची बराकपूरची खोली बाकड्याहून आखूड होती. तो बाबांना म्हणाला, तुमच्याकडे ठेवा, मी आठवड्यातून दोनदा येऊन काम करीन, हात बंद पडले तर मीही बंद पडेन. आमच्या घराला मागे एक लांब व्हरांडा आहे. बाबांनी तिथल्या तिथे हो म्हटलं आणि घरी येताना वाटेत त्यांना आई आठवली.

त्या रात्री जेवणानंतर ते माझ्या खोलीत आले आणि दार लोटून घेतलं. मी कॉलेजात भूगोल शिकवते, पन्नाशीला आले आहे, आणि तरीही त्यांनी दार लोटलं की मला आठवीतल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, सरळ आईला विचारू या. ते म्हणाले, “विचारलं की नाही म्हणते. वस्तू आत आली की तिला बाहेर काढणं अवघड असतं. बघितलंय मी आयुष्यभर.”

योजना त्यांचीच होती. मोठा माल सुटा करून आणायचा. बाकड्याचे पाय आणि आडवे दांडे पाचरा मारून बसवलेले होते. पाचर काढली की सगळं वेगळं होत होतं. आई दर गुरुवारी तीन ते सहा मराठी मंडळाच्या भजनाला जाते. पहिल्या गुरुवारी पाय आणि दांडे, दुसऱ्या गुरुवारी शिकंजा आणि मळसूत्र, तिसऱ्या गुरुवारी वरची फळी. आणि सगळं जोडून झालं की आईला सांगायचं की हे तुझ्या कुंड्यांसाठी बाक आहे. आईला कुंड्यांसाठी खरंच बाक हवं होतं. खोटं सांगायचं ते खऱ्याला लागून असावं, असं बाबा म्हणाले.

पहिल्या गुरुवारी मी कॉलेजातून लवकर निघाले. मिस्त्रीने पाय चादरीत गुंडाळून आणले होते. गल्लीतून येताना बाबा पुढे चालत होते आणि कोपरा आला की थांबून चष्मा पुसत होते. चष्मा पुसला म्हणजे वाट मोकळी, अशी खूण होती. तो आमचाच मोहल्ला असल्यामुळे चौघांनी विचारलं की दादा, चादरीत काय आहे. बाबांनी एकाला क्रिकेटचे स्टंप सांगितले. खालच्या मजल्यावरच्या काकिमा दारात शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी काहीच विचारलं नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पाय माझ्या पलंगाखाली गेले. पुढच्या गुरुवारी मळसूत्र आणि शिकंज्याचे जबडे माळ्यावर, तांब्याच्या हंड्यामागे गेले. आई सहाला आली, चहा केला, भजनातल्या कुणाचा तरी गळा बसल्याचं सांगितलं. बाबांनी फारच आस्थेने चौकशी केली.

शनिवारी सकाळी बाबांनी मला गॅलरीत बोलावलं. “पाय कुठे हलवलेस?” मी हलवले नव्हते. आम्ही पलंगाखाली पाहिलं. तिथे माझ्या जुन्या चपला आणि एक लाटणं होतं, आणि ते लाटणं तिथे का होतं हेही मला माहीत नव्हतं. बाबांचा चेहरा पडला. त्यांनी माझी रीतसर उलटतपासणी घेतली: शेवटचं कधी पाहिलं, खोलीत कोण आलं, मी कुणाकडे बोलले. माझ्यावर संशय उरला नाही तेव्हा त्यांनी माळ्याकडे पाहिलं.

पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं की माळा फार घाण झाला आहे, मी साफ करतो. आई पेपर वाचत होती. पेपर खाली न करता म्हणाली की बरं होईल, आणि शिडी काढलीच आहे तर पंखेही पुसून घ्या. माळ्यावर हंडा होता. हंड्यामागे काही नव्हतं. बाबांनी तो सबंध दिवस पंखे पुसले. रविवारी त्यांनी कपाटाच्या मागे झुरळं दिसल्याचं सांगून कपाट सरकवलं. आईने त्यांना झुरळांची पावडर आणून दिली. सोमवारी देवघराच्या खालचा कप्पा, मंगळवारी गाद्यांची पेटी. हरवलेली वस्तू काय आहे ते त्यांना कुणाला सांगता येत नव्हतं, आणि घर मात्र दिवाळीसारखं लखलखत होतं. मी त्यांची दया येऊन एकदा म्हटलं की आईला कळलंय, कबूल करून टाका. पुरावा नसताना कबुली द्यायची नसते, म्हणाले.

बुधवारी रात्री आम्ही तिघं जेवत होतो. भाताबरोबर आमटी वाढता वाढता आई नेहमीच्या आवाजात म्हणाली, “अहो, चार पाय, दोन दांडे आणि एक लाकडी मळसूत्र. मालकाने येऊन ओळख पटवली तर सोडून देईन.”

बाबांनी घास खाली ठेवला. मग त्यांना हसू यायला लागलं, आणि ते थांबवायचा प्रयत्न केल्यामुळे ठसका लागला. आईने पाणी पुढे केलं. ती हसत नव्हती, पण आमटी मात्र तिने भातावर न वाढता ताटात वाढली.

खबर पहिल्याच गुरुवारी फुटली होती. भजनाच्या मध्येच काकिमांचा तिला फोन गेला होता. काकिमांनी चादरीतला एक पाय उघडा पडलेला पाहिला होता, आणि कुणी तरी पलंगाचा पाय नेतंय असं समजून आधी त्या घाबरल्या होत्या. आम्ही दोघं घरात नसताना आईने सगळा माल खाली नेऊन काकिमांच्या पलंगाखाली ठेवला. एवढे जड तुकडे तिने एकटीने कसे नेले म्हणून मी विचारलं. एकटीने नाही, म्हणाली, काकिमांनी दुसरं टोक धरलं. दोघींची गुडघेदुखी चार दिवस वाढली, पण फार मजा आली.

मिस्त्रीचं सगळं ऐकून घेतल्यावर तिने अटी घातल्या. बाकडं मागच्या व्हरांड्यातच राहील. भुसा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. मिस्त्रीने आधी घरातली सगळी न लागणारी दारं आणि अडकणारे खण नीट करायचे. शेवटची अट तिने बाबांकडे बघून सांगितली: पुढच्या वेळी काही आणायचं असेल तर आधी विचारायचं, ती नाही म्हणणार असली तरी विचारायचं. बाबा म्हणाले, “विचारीन.” ते त्यांनी अगदी खाली मान घालून म्हटलं, आणि मला वाटतं तेवढं एकच वाक्य त्या पंधरवड्यात ते खरं बोलले.

तिसऱ्या गुरुवारी आई भजनाला गेली नाही. वरची फळी जिन्याच्या वळणात बसणार नव्हती, म्हणून मागच्या गल्लीतून दोर लावून व्हरांड्यात चढवायची होती. चार हमाल, मिस्त्री, बाबा आणि मी, आणि वरती कठड्याला टेकून आई. डावीकडे घ्या, जरा सैल सोडा, भिंतीला लागेल, असं ती बंगालीत सांगत होती, आणि हमाल बाबांचं न ऐकता तिचं ऐकत होते. फळी कठड्यावरून आत आली तेव्हा मिस्त्री जिना चढून धापा टाकत वर पोचला आणि आधी फळीवरून हात फिरवत राहिला. मग त्याने पाय उभे केले, पाचरा ठोकल्या, मळसूत्र बसवून फिरवून पाहिलं.

आईने बाकड्याच्या मधोमध एका काळ्या वर्तुळावर बोट ठेवून विचारलं, हे काय. लाकूड चिकटवायच्या सरसाचं गरम भांडं ठेवून पडलेला डाग आहे, तो म्हणाला. मग जरा घुटमळत, बंगालीत वहिनीला मारतात तशी हाक मारून म्हणाला, “बौदी, त्या डागाखाली बघा.” डागात नीट पाहिलं तर करवतीचा एक खोल काप होता. कामाला लागल्याच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या हातून करवत निसटून तो पडला होता. उस्ताद रागीट होते, म्हणून त्याने त्यावर सरसाचं भांडं नेऊन ठेवलं, आणि पुढे उस्ताद असेपर्यंत भांड्याची जागा तीच ठेवली. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणाला. बाबांना फार आनंद झाला. आपल्यापेक्षा जास्त वर्षं एखादी गोष्ट लपवलेला माणूस त्यांना भेटला होता.

तेव्हापासून मिस्त्री मंगळवारी आणि गुरुवारी येतो. दारं लागायला लागली. खण इतके गुळगुळीत सरकायला लागले की आईला सवय नसल्यामुळे पहिल्या दिवशी चमचे-वाट्यांसकट एक खण तिच्या हातात आला. मोहल्ल्यातले लोक मोडक्या खुर्च्या घेऊन यायला लागले. मालकीणबाईंनी एकदा आपली काठीच दुरुस्तीला पाठवली. सोबत विचारून घेतलं होतं की किडीचं कसं काय आहे. मिस्त्रीने निरोप दिला की बौदींना भिऊन ती पळून गेली.

पाडव्याला मंडळाच्या जेवणासाठी श्रीखंड करायचं काम नेहमी आईकडे असतं. दर वर्षी दह्याची फडकी रात्रभर नळाला, खुंटीला, दाराच्या कडीला टांगलेली असतात आणि आम्ही त्यांच्यातून वाकून ये-जा करतो. त्या वर्षी ती बराच वेळ शिकंज्याकडे बघत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तिने मिस्त्रीकडून दोन स्वच्छ फळ्या रंधून घेतल्या. कशासाठी, ते सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा मिस्त्री खाली बसला. शंभर वर्षांच्या बाकड्यात दही पिळायचं हे त्याला केकपेक्षा बरं की वाईट, ते ठरवता येईना. पण आईने दह्याचं गाठोडं दोन फळ्यांमध्ये ठेवून मळसूत्र तासाला अर्धा वेढा या हिशेबाने फिरवायला सुरुवात केली, आणि थोड्या वेळाने तोच उठून, एवढं नको बौदी, जरासं मागे घ्या, असं सांगायला लागला. दुपारपर्यंत चक्का असा निघाला की सुरीने कापावा.

फक्त निथळलेलं पाणी कुठे जातंय ते कुणी पाहिलं नव्हतं. पातेलं भरून वाहिलं आणि व्हरांड्याच्या पन्हळीतून खाली काकिमांच्या वाळत घातलेल्या हातमागाच्या तांताच्या साडीवर सांडलं. काकिमा वर आल्या. बंगाली बाईला दह्याच्या पाण्याचा वास ओळखायला कितीसा वेळ लागणार. आईने त्यांना काही न बोलता पाटावर बसवलं आणि वाटीभर श्रीखंड दिलं, मग आणखी एक वाटी. काकिमा जाताना म्हणाल्या की दुसरी साडीही वाळत घालते आहे.

दोन वर्षांपूर्वी, एका मंगळवारी कॉलेजात अचानक सुट्टी झाली आणि मी चारच्या सुमारास घरी आले. बाबा रक्तदाब तपासायला डॉक्टरांकडे गेले होते. मंगळवारी दुपारी ते जातातच, आणि मग मित्राकडे बसून साडेपाचला येतात. व्हरांड्यातून रंध्याचा आवाज येत होता. मी डोकावले. मिस्त्री खुर्चीत बसून विडी ओढत होता. बाकड्यापाशी पदर खोचून आई उभी होती. तिच्या रंध्यातून लाकडाची पातळ पट्टी कांद्याच्या पापुद्र्यासारखी अखंड निघत होती आणि तिच्या केसांत भुसा होता. मला बघून ती दचकली नाही. ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “बाबांना सांगू नकोस.”

मी विचारलं, किती दिवस चाललंय हे. मिस्त्रीने पाच बोटं दाखवली. महिने.

मी नाही सांगितलं. बाबांनी केराच्या डब्यात ती पातळ पट्टी पाहिली, उचलून उजेडात धरली आणि मिस्त्रीला विचारलं. मिस्त्री म्हणाला मीच काढली. मला विचारलं, तर मी पेपर तपासत होते. काकिमांना विचारायला ते खालीसुद्धा गेले आणि तिथून खोबरं-गुळाचे पाटिसापटा खाऊन परत आले.

त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी आईने औक्षणासाठी नवा पाट मांडला. सागवानाचा, चारही कोपरे जमिनीला टेकणारा. बाबा बसले. बसल्यावर त्यांचा हात आपोआप पाटाच्या कडेखालून फिरत गेला. जोड कुठे आहे हे बोटांना लागेना. त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने आईकडे पाहिलं. “सरळ बसा,” आई म्हणाली, “निरांजन विझेल.”

ते सरळ बसले. त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही, नंतरही नाही. डॉक्टर आता महिन्यातून एकदाच बोलावतात, पण बाबा दर मंगळवारी तीनला छत्री घेऊन बाहेर पडतात. कुठे जातात ते नक्की सांगत नाहीत. साडेपाचला परततात, आणि जिन्याच्या वळणावर थांबून दोनदा मोठ्याने खोकतात. मग वर रंधा ठेवल्याचा आवाज येतो, पदर झटकल्याचा आवाज येतो, आणि ते उरलेल्या पायऱ्या चढतात.